अर्धविरामापुढचं परंतु

आमच्या भावजींना अख्खं कोर्ट खळकाका म्हणतं. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कोर्टाच्या ग्रंथालयात बाइंडर. एकतीस वर्षं मैद्याची खळ शिजवून पुस्तकं चिकटवली, तेव्हा असं नाव पडणारच. ताईला ते आवडत नाही. "मग मला काय खळकाकू म्हणायचं का लोकांनी?" असं ती विचारते, आणि लोक अर्थातच म्हणतात.

मी त्यांची एकुलती एक मेव्हणी. सरकारी कचेऱ्यांच्या सातमजली इमारतीत लिफ्ट चालवते. लग्न केलं नाही. योग आला होता म्हणे, पण तो बहुतेक जिन्याने वर गेला आणि मी लिफ्टमध्ये होते. राहते ताईच्या शेजारच्या खोलीत, जेवते तिच्याकडे. मध्ये भिंत आहे ती नावापुरती. ताई तिकडे खोकली की मी इकडून विचारते, औषध घेतलंस का.

आता भावजींचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या या छोट्या देशाची राज्यघटना बदलली की लगेच नवं पुस्तक छापून येतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही सुखी माणूस आहात. नवं पुस्तक यायला केस पिकतात. तोवर छापखान्यातून येतात दुरुस्तीच्या पट्ट्या. भावजींनी त्या कापायच्या आणि जुन्या पुस्तकात जिथल्या तिथे चिकटवायच्या. एक कोर्टाची प्रत, आणि आमच्या इमारतीतल्या अकरा कचेऱ्यांच्या अकरा. प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानावर लिहायचं, ‘तपासून चिकटवले’, आणि खाली सही. पट्टी लांब असली तर ती घडी घालून एका कडेनेच चिकटवायची, म्हणजे वाचणाऱ्याला उलगडता येते.

शिक्षण सातवी. पण पट्टी मोठ्याने वाचल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही हा त्यांचा नेम. एकदा वाचायची, अर्थ लागला नाही तर ग्रंथपालांना विचारायचं, त्यांनाही लागला नाही तर दोघांनी मिळून एखाद्या वकिलाला गाठायचं. अशी एकतीस वर्षं वाचली. त्यामुळे घटना त्यांना पाठ नाही, पण कुठे काय बसवलंय ते सगळं बोटांना माहीत आहे. वकील मंडळी हळूच येऊन विचारून जातात आणि नंतर न्यायाधीशांसमोर छाती फुगवतात.

जेवताना आम्हाला तेच ऐकावं लागतं. "घटनादुरुस्ती म्हणजे तीनच शब्द," असं ते मला शंभर वेळा तरी म्हणाले असतील. "ऐवजी, नंतर, वगळावे. एवढ्यात सगळा देश हलतो." घरातही तीच भाषा. ताईने डब्यात रोजची भाजी दिली की हे म्हणणार, "मंगळवारच्या भाजीऐवजी दुसरी दाखल करावी." ताई म्हणणार, "मंगळवारची भाजी वगळण्यात येत आहे. नुसती पोळी न्या." ते गुपचूप नेतात.

दुसऱ्या दुरुस्तीची गोष्ट तर त्यांची आवडती. मतदाराचं वय कमी झालं. ‘एकवीस’ ऐवजी ‘अठरा’, बास, एवढंच. पट्टी नखाएवढी. भावजींनी बारा पट्ट्या कापून ओळीने मांडल्या आणि त्यांना शिंक आली. "देशातली लाखो पोरं मतदार झाली होती," ते सांगतात, "आणि ती सगळी माझ्या टेबलाखाली पडलेली. मी रांगत होतो. तेवढ्यात न्यायाधीश आत आले. म्हणाले, काय शोधताय? मी म्हटलं, अठरा." बारापैकी अकरा सापडल्या. बारावी न्यायाधीशांच्या बुटाला चिकटून त्यांच्या दालनात गेली होती, ती संध्याकाळी शिपायाने आणून दिली.

आणि सहावी दुरुस्ती. सरकारी नोकरीची समान संधी ‘प्रत्येक पुरुषास’ अशी होती, तिथे ‘प्रत्येक व्यक्तीस’ असं झालं. ती पट्टी लावताना भावजींना कामाला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती, आमची ओळखसुद्धा नव्हती. पुढे लिफ्टच्या जागेसाठी मी अर्ज केला तेव्हा खिडकीतल्या माणसाने "बाईमाणसाचं काम नाही हे" म्हणून अर्ज परत सरकवला. मी घरी येऊन आदळआपट केली. दुसऱ्या दिवशी भावजी माझ्याबरोबर आले, खिडकीतून आत वाकले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुमच्याच कपाटात पुस्तक आहे. पान तेवीस काढा. मीच चिकटवलंय." मी लिफ्टवर आहे ती त्या एका ‘व्यक्ती’मुळे, हे मी कधी विसरत नाही. त्यांना तोंडावर बोलून दाखवत नाही एवढंच. मेव्हणीने कौतुक केलं की मेव्हणे बिघडतात.

तर अशी मिळालेली माझी नोकरी गेली.

झालं असं की आमच्या लिफ्टचं दार चौथ्या मजल्यावर घासायचं. मी तक्रारवहीत तीनदा लिहिलं. दुरुस्तीवाला एकदाही फिरकला नाही. मग एका दुपारी सातव्या मजल्यावरचे मोठे साहेब आत आले, आणि चौथ्याच्या वर चार बोटं जाऊन लिफ्ट बसली रुसून. चाळीस मिनिटं. मी साहेबांना माझं स्टूल दिलं. वारा घालायला तक्रारवही दिली. आणि चाळीस मिनिटं गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, म्हणून या इमारतीचं काय काय चुकतंय ते तळमजल्यापासून क्रमाने सांगायला घेतलं. सहाव्यापर्यंत आले होते, तेवढ्यात लिफ्ट सुरू झाली. साहेब घामाने भिजले होते. ते तडक निघून गेले.

दोन दिवसांनी पत्र. ‘दिनांक चार रोजी लिफ्टमध्ये घडलेल्या घटनेस अनुसरून, राज्यघटनेचे कलम अडतीस, खंड तीन अन्वये आपणांस सेवेतून तत्काळ दूर करण्यात येत आहे.’ घटनेमुळे घटना लागली मला. लिफ्टवर कुलूप आणि ‘बंद आहे’ची पाटी.

मी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली, दुसरं काय. वीस वर्षं ज्या डब्यात चढले, त्यातूनच मला ढकलून दिल्यासारखं झालं. रोज सकाळी ताईने दिलेला डबा घेऊन बाहेर पडायची, बागेत बसून दोन वाजता खायची, सहाला परत. ताई विचारायची, "आज काय गं, गर्दी होती?" मी म्हणायची, "खूप." बागेत कबुतरांची असायची.

तीन आठवडे असे गेले. मग एक दिवस भावजी आमच्या इमारतीत बांधलेलं पुस्तक पोचवायला गेले आणि त्यांना कुलूप दिसलं. संध्याकाळी ताटावर बसल्यावर मला म्हणाले, "मेव्हणीबाई, आज गर्दी होती?"

"खूप," मी म्हटलं.

"कुलपात?"

मग रडले मी. ताईने आधी मला रागावलं, मग जवळ घेतलं, मग परत रागावलं. भावजींनी हात धुतले, पत्र मागितलं आणि मोठ्याने वाचलं, पट्टी वाचतात तसंच. ‘खंड तीन’ला थांबले.

"याला परंतु आहे," ते म्हणाले.

"कसलं परंतु?"

"चौदावी दुरुस्ती. लोकांच्या जिवाशी संबंधित काम असेल, म्हणजे लिफ्ट, बॉयलर, असलं काही, तर अधिकारी कारण लिहून माणसाला लगेच दूर करू शकतो. इथवर हे बरोबर आहेत. पण पुढे परंतु आहे. परंतु त्या माणसाला तीस दिवसांच्या आत आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागेल, आणि तोवर दूर करणं तात्पुरतंच समजायचं. परंतु म्हणजे मागचं दार. पुढचं दार बंद दिसलं की लोक घरी जातात. आपण मागे जाऊन बघायचं." त्यांनी बोटं मोजली. "आज तेविसावा दिवस. सात उरले."

या सात दिवसांत आणखीही एक गोष्ट व्हायची होती. त्याच आठवड्याच्या शेवटी भावजी निवृत्त होणार होते. कोर्टाने त्यांच्यासाठी सन्मानपत्र छापून घेतलं होतं, जाड कागदावर. ‘एकतीस वर्षे निर्दोष सेवा केली.’ कच्चा छाप त्यांनी घरी आणून दाखवला होता. तोंडाने "हॅ, कशाला हे" म्हणत होते आणि ‘निर्दोष’वरून बोट फिरवत होते. ताईने खिळासुद्धा ठोकून ठेवला होता भिंतीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आस्थापना कचेरीत गेलो. तिथले हेडक्लार्क म्हणजे नियमाचं चालतं कपाट. माणूस वाईट नाही, पण शिंकायचं तरी आधी परिपत्रक बघेल. त्यांनी आमचं ऐकलं, कपाटातून घटनेची प्रत काढली आणि कलम अडतीस उघडलं.

"बघा," ते म्हणाले. "खंड तीन. ‘अधिकारी कारण लेखी नोंदवून तत्काळ दूर करू शकेल.’ संपलं. परंतु कुठे आहे?"

"कोर्टाच्या नव्या छापील पुस्तकात आहे," मी म्हटलं.

"कोर्टाचं पुस्तक कोर्टात. ही कचेरी आपल्या तपासलेल्या प्रतीवर चालते." त्यांनी शेवटचं पान उलटून भावजींसमोर धरलं. "आणि तपासली कुणी? सही कुणाची?"

सही भावजींचीच. मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत कधी न पाहिलेला चेहरा होता. त्यांनी प्रत हातात घेतली, खिडकीपाशी नेली, पट्टीच्या शेवटच्या शब्दावर नाक टेकेल इतकं जवळ जाऊन बघितलं.

"हेडक्लार्कसाहेब, हा पूर्णविराम आहे का?"

हेडक्लार्कनी चष्मा लावला. "नाही. टिंब आहे, खाली शेपूट आहे. अर्धविराम."

"कायद्याचं वाक्य अर्धविरामावर संपत नाही," भावजी म्हणाले. मग त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला आणि खुर्ची ओढून बसले. "ही पट्टी दुपदरी आहे. घडी घातलेली. आतली बाजू चिकटून बसलीय. खळ पातळ झाली, घडीत उतरली. परंतु आत आहे. सव्वीस वर्षं आत आहे. चूक माझी."

बरं, सव्वीस वर्षांत हे उघडकीला का आलं नाही म्हणाल, तर या इमारतीत माणूस कामाला लागायलाच इतका वेळ लागतो, की त्याला एका फटक्यात काढायची वेळ माझ्याआधी कुणावर आलीच नव्हती.

शिपायाची चहाची किटली मागवली. भावजींनी पान वाफेवर धरलं, एवढंसं, दूध उतू जाऊ नये म्हणून आपण झाकण तिरकं ठेवतो ना, तितक्या अंतरावर. खिशातून कागद दुमडायची हाडाची पट्टी काढली, ती त्यांच्या खिशात नेहमीच असते, आणि घडीच्या कोपऱ्यातून हळूहळू सरकवली. कागद सुटायला दहा मिनिटं लागली. हेडक्लार्क मान लांब करून बघत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा दहा मिनिटं गप्प होते.

पहिला शब्द बाहेर आला तो ‘परंतु’.

हेडक्लार्कनी ते दोनदा वाचलं. मग, सांगते ना, माणूस वाईट नाही, ते भावजींना बाजूला घेऊन म्हणाले, "खळकाका, शनिवारी तुमचा निरोप समारंभ आहे. चूक म्हणून नोंद केली तर कोर्टाला कळवावं लागेल. मी लिहितो की प्रतीवर चहा सांडून पान चिकटलं होतं. बाईंना सुनावणी मिळेल, तुमचंही काही जाणार नाही."

मला वाटलं, देव भेटला. मी भावजींना कोपराने ढोसलं सुद्धा.

"चहा एका पुस्तकावर सांडतो," भावजी म्हणाले. "त्या दिवशी मी इथल्या अकराही प्रती लावल्या, एकाच भांड्यातल्या खळीने. बाकीच्या दहा उघडायला नकोत? बॉयलरवाल्याला उद्या असंच पत्र गेलं तर तो कुणाच्या भावजींकडे जाणार?"

"त्या दिवशी नेमकं झालं काय होतं पण?" हेडक्लार्कनी विचारलं.

भावजींनी तारीख बघितली. बघत राहिले. आणि एकतीस वर्षं खळ ढवळलेला, सातवी शिकलेला, वकिलांना शिकवणारा तो माणूस कानापर्यंत लाल झाला.

"दुसऱ्या दिवशी माझं लग्न होतं," ते म्हणाले. "खळ शिजताना लक्ष नव्हतं. पाणी जास्त पडलं."

त्या दिवशी आम्ही किटली घेऊन सात मजले चढलो. जिन्याने. लिफ्ट बंद होती ना, कारण ती चालवणारी मी किटली धरून बरोबर होते. अकराच्या अकरा प्रती चिकटलेल्या निघाल्या. प्रत्येक कचेरीत भावजींनी पान सोडवलं, सुकवलं, आणि नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘बाइंडरच्या चुकीमुळे पट्टी बंद राहिली. आज उघडली.’ अकरा वेळा. पाचव्या मजल्यावर मी म्हटलं, "पुरे आता, गुडघे बघा तुमचे." ते म्हणाले, "सहा राहिल्या." मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं की काय करावं कळेना, म्हणून मी, आपली किटली परत न्यायला मागे मागे येणाऱ्या शिपायावर खेकसले.

घरी ताईला सांगितल्यावर ती आधी कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे सव्वीस वर्षं देशाचा कायदा अडकला?" आणि अशी खूश झाली, की दुसऱ्या दिवशी मंगळवार नसतानाही भाजी बदलली.

सुनावणी सत्ताविसाव्या दिवशी झाली. दुसऱ्या खात्याच्या एक मॅडम ऐकायला बसल्या होत्या. बाजूला मोठे साहेब, मागच्या बाकावर भावजी. मॅडम म्हणाल्या, "मांडा तुमचं म्हणणं." आणि माझी जीभ टाळूला चिकटली, भावजींच्या पट्टीसारखी. दिवसभर सात मजले बडबडणारी मी, तोंडातून शब्द फुटेना.

साहेबांनी घसा साफ केला. "मॅडम, खरं तर यांचं म्हणणं मी लिफ्टमध्ये चाळीस मिनिटं ऐकलेलं आहे."

मागून भावजींचा आवाज आला, अगदी नम्रपणे. "साहेब, ते ऐकणं नव्हे. ते अडकणं."

मॅडमनी फाईल तोंडासमोर धरली. फाईल हलत होती. साहेब आधी गोरेमोरे झाले, मग तेही हसले. त्या हसण्यात माझी जीभ सुटली. मी तक्रारवही टेबलावर ठेवली, तीन नोंदी, तीन तारखा, ‘दार चौथ्यावर घासतं’, खाली माझी सही. मॅडमनी विचारलं, "या वहीचं हे पान एवढं चुरगळलंय कशाने?" मी म्हटलं, "साहेबांनी वारा घेतला." साहेब म्हणाले, "हो. पण वाचली नाही." हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं, त्याबद्दल मी त्यांना आता रोज सातव्यावर थेट नेते, मध्ये कुठे थांबवत नाही.

सोमवारी दार दुरुस्त झालं, मंगळवारी कुलूप निघालं.

मधल्या शनिवारी भावजींचा निरोप समारंभ झाला. अकरा नोंदी कोर्टापर्यंत पोचल्या होत्या. ग्रंथपाल बिचारे हातात सन्मानपत्र घेऊन चुळबुळत होते. म्हणाले, "खळकाका, ‘निर्दोष’ शब्द आता ठेवता येत नाही असं वरून आलंय. नवं छापायला वेळ नाही. काय करू?" मी पहिल्या रांगेत बसले होते. माझ्या नोकरीपायी त्यांचा तो एक शब्द जाणार होता, आणि मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

"त्यात काय," भावजी म्हणाले. "दुरुस्ती करू."

ते आपल्या टेबलापाशी गेले. शेवटची खळ सकाळीच शिजवून ठेवली होती, दाट. एक पट्टी कापली, तिच्यावर लिहिलं, मोठ्याने वाचली, मग ब्रश उचलला. ‘सेवा केली’च्या पुढच्या टिंबाला शाईने शेपूट काढलं आणि पट्टी घडी घालून एका कडेने चिकटवली.

आता ते सन्मानपत्र ताईने ठोकलेल्या खिळ्यावर आहे. काच लावलेली नाही, भावजींनी लावू दिली नाही, पट्टी उलगडता आली पाहिजे म्हणून. लांबून दिसतं ते एवढंच, ‘एकतीस वर्षे निर्दोष सेवा केली;’. जवळ जाऊन घडी उघडली की आत त्यांच्या अक्षरात आहे, ‘परंतु लग्नाच्या आदल्या दिवशीची खळ पातळ होती.’

ताई रोज केर काढताना ती घडी उघडून वाचते आणि परत बंद करते. मी भिंतीपलीकडे असते, मला कागदाचा आवाज येतो.